एचडीएल कमी आलंय? शेजारचा आकडा बघा

नमस्कार श्रोतेहो. कंपनीची वार्षिक तपासणी होते किंवा मुलं आग्रहानं आईबाबांचं रक्त तपासून घेतात. साखर ठीक, रक्तदाब ठीक, एकूण कोलेस्टेरॉल 170 च्या आसपास. आणि मध्येच एक ओळ ठळक छापलेली असते: एचडीएल 34. काही त्रास नसलेला माणूस त्या एका ओळीनं धास्तावतो.

एचडीएल म्हणजे आपण ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो ते. पुरुषांत 40 च्या खाली, स्त्रियांत 50 च्या खाली असेल तर ते कमी समजतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणं हे त्याचं काम. आपल्याकडे ते कमी असणं अगदी सर्रास आहे. आयसीएमआरच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या सुमारे 72 टक्के प्रौढांचं एचडीएल कमी निघालं.

मग ते वाढवणारी गोळी द्या, असं लोक म्हणतात. तेही करून झालं आहे. टॉरसेट्रॅपिब या औषधानं एचडीएल भरघोस वाढलं, पण ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले आणि 2006 साली चाचणी थांबवावी लागली. पुढे नायसिन या दुसऱ्या औषधाच्या चाचण्यांतही आकडा वाढला, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. उलट इटलीत गार्डा सरोवराकाठच्या लिमोने गावात काही कुटुंबांचं एचडीएल पिढ्यान्‌पिढ्या फार कमी आहे, तरी त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं नाही. म्हणून मी पेशंटला नेहमी सांगतो, एचडीएलचा आकडा ही खूण आहे. ती कशामुळे उमटली ते शोधू या.

त्यासाठी त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीचा आकडा, बघा. ते 150 च्या वर असेल तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलं की ते एचडीएलच्या कणांत शिरतं, कण लहान होतात आणि शरीर त्यांची लवकर विल्हेवाट लावतं. आणि ट्रायग्लिसराइड वाढवण्यात मोठा हात असतो आपल्या ताटाचा. “डॉक्टर, तेल-तूप तर कधीच बंद केलंय,” असं सांगणाऱ्यांना मी दिवसभराचं खाणं विचारतो. सकाळी पोहे, चहाबरोबर खारी, दुपारी पोळ्या आणि वर भाताचा डोंगर, चारला परत गोड चहा, रात्री पुन्हा भात. तूप गेलं, त्याची जागा भातानं आणि साखरेनं घेतली. असं झालं की एचडीएल आणखी घसरतं. भात निम्मा करा, त्या जागी मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी किंवा बांगडा येऊ द्या. वनस्पती तुपातली खारी मात्र खरंच सोडा.

कमरेला टेप लावा. पुरुषांत 90 सेंटिमीटर, स्त्रियांत 80 च्या वर असेल तर पोट कमी करणं हे पहिलं काम. आठवड्यातून किमान अडीच तास दम लागेल असं चाला. एचडीएल त्यानं दोन-तीन अंकांनीच वाढेल, पण साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड सगळ्यांना फायदा होतो आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा. सिगारेट सोडली की आकडा काही आठवड्यांतच वर सरकतो. दारूनं एचडीएल वाढतं हे खरं, पण त्यासाठी कुणी दारू पिऊ नये. ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाबही तीच वाढवते.

ताप किंवा मोठं आजारपण नुकतंच होऊन गेलं असेल तर एचडीएल तात्पुरतं खाली जातं. अशा वेळी पूर्ण बरं झाल्यावर पुन्हा तपासा.

डॉक्टरांकडे जाताना एक वजाबाकी करून न्या: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा. उत्तर 130 च्या वर आलं, किंवा वडील-भावाला 55 च्या आत, आई-बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते आधी सांगा. खाण्यात आणि चालण्यात बदल केला असेल तर पुढची तपासणी तीन महिन्यांनी करा, आठवड्याभरात नको.