पिकअपचे आवाज आणि हिसके

श्रोतेहो, नमस्कार.

पिकअप गाडीच्या खालून अनोळखी आवाज येऊ लागला किंवा गाडी जागेवरून उचलताना हिसका बसू लागला, की चालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘आवाज कुठून येतोय?’ प्रश्न स्वाभाविक असला, तरी कानाने मिळणारे त्याचे उत्तर बरेचदा फसवे असते. पिकअपची चॅसी म्हणजे पुढून मागपर्यंत गेलेल्या दोन पोलादी तुळया. मागच्या डिफरन्शियलमधली, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरपेटीतली, घरघर या तुळयांतून पुढे सरकते आणि चालकाला ती आपल्या सीटखालीच असल्याचा भास होतो. म्हणून आवाजाची जागा शोधण्याआधी त्याची वेळ टिपावी. तो गाडी उभी असताना येतो का, ॲक्सिलरेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर, ठरावीक वेगालाच येतो का, वळणावर वाढतो का, हौद्यात माल भरल्यावर बदलतो का, या प्रश्नांची उत्तरे हाती असली की निम्मे निदान गाडीखाली न जाताच होते.

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट ती मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेतो आणि तिथे काटकोनात वळून ती दोन ॲक्सलांमार्फत चाकांना मिळते. या वाटेवर गिअरबॉक्स ही सीमारेषा आहे. तिच्या अलीकडचे भाग इंजिनाच्या गतीने फिरतात आणि पलीकडचे गाडीच्या वेगाने. म्हणून पहिली चाचणी अशी करावी: मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी समजा ताशी 50 किलोमीटर वेगाने आधी एका गिअरमध्ये आणि मग त्याच वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये चालवावी. गिअर बदलल्यावर आवाजाची पट्टी बदलली, तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा; ती तशीच राहिली, तर प्रोपेलर शाफ्टपासून चाकांपर्यंतच्या भागात. वाटल्यास क्षणभर क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्यावी, मात्र चालत्या गाडीत इंजिन बंद करू नये, कारण त्याबरोबर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते.

सीमारेषेच्या पलीकडे गेल्यावर थोडे गणित कामी येते. टायरचा परीघ साधारण सव्वादोन मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे साडेसात फेरे घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर 4 ला 1 असेल, तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला 30 फेरे घेत असतो. वेग 30 वर आणला की चाकाचे फेरे चारच्याही खाली येतात. अशा वेळी एकेक ठोका वेगळा जाणवत असेल, तर टायर, रिम किंवा ब्रेक ड्रम तपासावा; थरथर सलग आणि बारीक असेल, तर संशय शाफ्टवर घ्यावा.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. गाडी उचलताना किंवा पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये जाताना ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज आला, की बरेच मिस्त्री क्रॉस बदलून मोकळे होतात. तो स्वस्त असतो आणि बदलायला सोपा असतो, एवढ्यावरून तोच दोषी ठरत नाही. तोच ‘टक्’ शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या खाचा कोरड्या पडल्याने येतो, क्राउन आणि पिनियन या डिफरन्शियलमधल्या दोन गिअरांच्या दातांतला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, वाढल्याने येतो, इंजिनाखालचे रबरी माउंटिंग फाटल्याने येतो आणि मागचा ॲक्सल पाट्यांना, म्हणजे लीफ स्प्रिंगांना, आवळून धरणारे यू-बोल्ट सैल झाल्यानेही येतो. यांपैकी क्रॉस की डिफरन्शियल, हे हाताने ठरवता येते. गाडी सपाट जागी उभी करून, चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून खाली जावे. गाडी जॅकने उचलावी लागली, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, स्टँड लावावेत. आता एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने डिफरन्शियलकडची फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिला जोडलेला असतो ती चकती, धरून दोन्ही उलटसुलट पिळावे. दोघांच्या मधोमध हालचाल दिसली, तर क्रॉस गेला आहे. त्याच्या टोप्यांभोवती विटकरी रंगाची बारीक पूड दिसली, तर आतल्या सुईबेअरिंगचे ग्रीस संपून ती गंजली आहेत. शाफ्ट आणि फ्लँज मिळून एकसंध हलत असतील, तर तो प्ले डिफरन्शियलमधला समजावा; थोडासा तिथे असतोच, तो दोष नव्हे.

दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये सेंटर बेअरिंग असते. त्याच्याभोवतीचे रबर फाटले, की गाडी उचलतानाच्या पहिल्या काही मीटरमध्ये जमीन हादरल्यासारखे वाटते आणि वेग आल्यावर ते थांबते. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना आपल्या पलीकडच्या शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त करतो आणि दुसऱ्या टोकाचा जॉइंट ती तूट भरून काढतो. त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि जोडांच्या दिशा जुळलेल्या असाव्या लागतात. पाटे दबून खाली बसले, गाडीची उंची वाढवून घेतली किंवा शाफ्ट जोडताना एक खाच चुकली, की हा हिशेब बिघडतो आणि सगळे भाग नवे असूनही थरथर सुरू होते. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करण्याचे हेच कारण.

डिफरन्शियलचा आवाज सहसा सुरासारखा असतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर थांबणारा सूर क्राउन-पिनियनच्या दातांच्या ओढणाऱ्या बाजूची झीज दाखवतो. उलट घडत असेल, तर दुसऱ्या बाजूची. दोन्ही वेळी सारखीच येणारी, वेगाबरोबर वाढणारी जात्यासारखी घरघर बेअरिंगची असते. वळण घेताना वजन बाहेरच्या बाजूला जाते; डावीकडे वळताना घरघर वाढली, तर उजव्या चाकाचे बेअरिंग आधी पाहावे. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा असतो. अशा वेळी डिफरन्शियल उघडायला लावणे म्हणजे फुकटचा खर्च. उघडायची वेळ आलीच, तर आधी तेल काढून पाहावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असणे ठीक, बोटांना टोचणारे तुकडे मात्र ठीक नाहीत.

क्लच-गिअरबॉक्सची परीक्षा उभ्या गाडीत होते. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल आणि पाय क्लच पेडलवरून काढलेला असताना येणारा आवाज पेडल दाबताच थांबला, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग तपासावे. पेडल दाबल्यावर सुरू झाला, तर पेडल दाबताच क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग.

हिसक्यांचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. क्लच पेडल सोडताना गाडी थडथडत उचलत असेल, तर क्लच प्लेटवर तेल आलेले असणे, प्लेट झिजणे किंवा माउंटिंग सैल होणे, ही कारणे. चढावर भार पडताच हिसके येत असतील, तर आधी डिझेल फिल्टर किंवा पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग पाहावेत, कारण इंजिनाची अडखळ शाफ्टमार्फतच चाकांपर्यंत जाते आणि शाफ्टच्या नावावर खपते. ऑटोमॅटिक गाडीत स्थिर वेगाने, हलक्या ॲक्सिलरेटरवर रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर डाव्या पायाने ब्रेक पेडल किंचित टेकवावे. दोष टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागात, असेल, तर त्यातला लॉक-अप क्लच सुटतो आणि थरथर तत्क्षणी थांबते. तसे झाले, तर तो आणि त्याचे तेल तपासावे. साध्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये कोरड्या डांबरावर वळताना बसणारे आचके हा बिघाडच नाही: पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि मधली यंत्रणा त्यांना ते कापू देत नाही. टू-व्हीलवर आणताच ते गेले पाहिजेत.

ठोक्याबरोबर थरथर वेगागणिक वाढत असेल, तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नये. पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आपटते आणि वाटेतल्या ब्रेकच्या नळ्या किंवा इंधन टाकी फोडू शकते. ओढून नेतानाही मागची चाके उचलून घ्यावीत किंवा शाफ्ट आधी काढावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो आणि इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतले भाग तेलावाचून झिजतात.

नमस्कार.