नाव संशोधकाकडे केव्हा जावं?

मंडळी, आनुवंशिक कर्करोगाच्या संशोधनातलं अवघड काम आता प्रयोगशाळेत राहिलेलं नाही. 3-4 मिलीलिटर रक्तातून डीएनए काढून बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही जनुकं (ज्यांतल्या दोषामुळे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) वाचणं सरावाचं झालं आहे. अवघड आहे ते नेमक्या माणसाला, त्याला न दुखावता, ‘भाग घ्याल का?’ असं विचारणं. अशी माणसं रुग्णालयाच्या नोंदींतून शोधता येतात. पण रुग्णाने ती माहिती बरं होण्यासाठी दिलेली असते, कुणी आपल्याला शोधून काढावं म्हणून नव्हे. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: रुग्ण ‘हो’ म्हणेपर्यंत त्याचं नाव संशोधकाच्या टेबलावर येता कामा नये.

आधी शोधायचं काय ते पाहू. कर्करोगांपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक दोषामुळे होतात, तेव्हा सरसकट सगळ्यांना पत्रं पाठवण्यात अर्थ नाही. चाळणी लावावी लागते: पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात झालेला अंडाशयाचा, पुरुषाला झालेला स्तनाचा, किंवा तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह असलेली, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-2 या तिन्ही चाचण्या नकारार्थी आलेली, स्तनाची गाठ. संगणकात रोगाचे कोड असतात. सी50 म्हणजे स्तन, सी56 म्हणजे अंडाशय. पण कोड अवयव सांगतो, गाठीचा प्रकार सांगत नाही. तो पॅथॉलॉजीच्या अहवालात असतो, आणि तिथे ‘निगेटिव्ह’ हा एक शब्द प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने टंकतो. वयाचंही तसंच. नोंदीतलं वय बहुधा शेवटच्या भेटीचं असतं आणि आपल्याला हवं असतं निदानाच्या दिवशीचं. घरात आणखी कुणाला कर्करोग होता का, हे तर केसपेपरवर हाताने लिहिलेलं असतं किंवा मुळीच नसतं. त्यामुळे संगणकाची यादी हा कच्चा खर्डा समजावा आणि प्रत्येक नाव उपचार करणाऱ्या विभागातल्या माणसाने केसपेपर उघडून तपासावं.

गोव्यात नावांचा घोळ वेगळाच. नाईक हे आडनाव रोमन लिपीत एकीकडे इंग्रजी वळणाने, दुसरीकडे पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं सापडतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, कित्येक घरांत पहिलं नावही. जन्मतारीख ठाऊक नसेल तर काउंटरवर 1 जानेवारी घातली जाते. मग एकाच बाईच्या दोन नोंदी होतात आणि एका घरात दोन पत्रं जातात. ही चूक चालवून घेता येईल. उलटी चूक भयंकर आहे. एकाच घरातल्या, एकाच नावाच्या सासू-सुनेच्या नोंदी संगणकाने एक केल्या, तर जिला आजार नाही तिच्या हातात कर्करोगाचं पत्र पडेल. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव ही तिन्ही जुळली नाहीत, तर नोंदी जोडू नयेत. त्या बाजूला काढून माणसाच्या नजरेखालून घालाव्यात.

याहून जिव्हारी लागणारी चूक म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने पत्र जाणं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी, असा कायदा आहे. पण यादी तयार झाल्यापासून पाकिटं टपालात पडेपर्यंत महिना-दोन महिने जातात. म्हणून पडताळणी पाठवण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा करायची. शिवाय बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याहून रुग्ण येतात, कारवारहूनही येतात. त्यांच्या घरच्या मृत्यूची नोंद महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात होते, गोव्याच्या नोंदवहीत ती दिसत नाही. वर्षभर जो रुग्ण तपासणीला आला नाही, त्याची विचारपूस आधी विभागाने करावी, मगच पत्राचं बघावं.

हे सगळं आचार समितीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, परवानगी मिळाल्यावरच सुरू होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी आहेत. यादी रुग्णालयातच राहते. संशोधकाला मिळतात ते फक्त आकडे, तेही पाचाच्या खाली गेले तर ‘5 पेक्षा कमी’ एवढंच. 2011च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती. एवढ्याशा प्रदेशात ‘सत्तरी तालुका, पुरुष, स्तनाचा कर्करोग, चाळिशीतला’ असं म्हटलं की नाव सांगायची गरजच उरत नाही.

2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, तिच्याकडे बोट दाखवलं जातं. ती सवलत सशर्त आहे: माहितीचा उपयोग त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी होता कामा नये. माझ्या मते निवडून पत्र पाठवणं हा त्या व्यक्तीविषयीचाच निर्णय आहे. त्या आडोशाला उभं राहू नये.

आता पत्र. त्यावर सही उपचार करणाऱ्या डॉक्टरांची हवी. ब्रिटनमध्ये कर्करोग शोधणाऱ्या गॅलेरी नावाच्या रक्तचाचणीच्या अभ्यासाची निमंत्रणं सरकारी आरोग्यसेवेनेच आपल्या नोंदींवरून पाठवली आणि सुमारे 1,40,000 लोक त्यात आले. त्याच देशात रुग्णांच्या नोंदी एकत्र करणारी केअर-डेटा ही योजना 2016 मध्ये गुंडाळावी लागली, कारण आपल्या नोंदी कुठे जाणार हे लोकांना नीट सांगितलंच नव्हतं. पाकीट साधं असावं, बाहेर ‘कर्करोग’ हा शब्द नसावा, संशोधन प्रकल्पाचं नावही नसावं. मोबाइलवर संदेश पाठवायचा मोह टाळा. नोंदीतला नंबर बहुतेकदा मुलाचा, पुतण्याचा नाहीतर शेजाऱ्याचा असतो. मजकूर कोंकणीत देवनागरी आणि रोमी दोन्ही लिपींत असावा, तसाच मराठीत आणि इंग्रजीत. नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात हवं. सोबत तिकीट लावलेलं उत्तराचं पाकीट आणि तीन चौकोन: हो, नको, पुन्हा विचारू नका. उत्तर आलं नाही तर सहा आठवड्यांनी एकच स्मरणपत्र, मग थांबायचं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.

नातेवाइकांचा प्रश्न सर्वांत नाजूक. एखाद्या बाईत बीआरसीएचा दोष सापडला, तर तिच्या प्रत्येक मुला-मुलीत तो असण्याची शक्यता 50 टक्के, सख्ख्या भावंडांतही साधारण तेवढीच. म्हणून केसपेपरवरच्या ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यातून बहिणीचा नंबर उचलायचा का? मुळीच नाही. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये मान्य केलं की मृत वडिलांच्या आरोग्यनोंदीत मुलीचाही हितसंबंध असतो, कारण त्या नोंदीवरून तिच्याविषयी अनुमान काढता येतं. बहिणीपर्यंत निरोप रुग्णानेच न्यावा. आपण रुग्णाच्या हाती कुटुंबासाठी लिहिलेलं पत्र द्यावं आणि समुपदेशकाची वेळ द्यावी. वंशावळ काढताना वडिलांच्या बाजूकडे मुद्दाम वळा. आत्याचा आजार ‘त्या घरचा’ म्हणून सांगितला जात नाही, पण हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आणि लग्नाची मुलगी असलेल्या घरात लोक का गप्प होतात, हे समजून घेऊन थांबायलाही शिका.

संशोधनात मिळालेला निकाल थेट रुग्णाला सांगू नये. दुसरा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तो पक्का करावा. ज्याला दुसऱ्याची अस्थिमज्जा मिळाली आहे, त्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, लाळेतही मिसळतो, म्हणून त्याच्या त्वचेचा नमुना लागतो. जनुकांतल्या काही बदलांचा अर्थच अजून ठरलेला नसतो. त्यांच्या आधारावर कुणाच्या अंडाशयाची शस्त्रक्रिया होता कामा नये.

राहिला ‘पुन्हा विचारू नका’चा चौकोन. त्या माणसाचं नाव पुसून टाकलं, तर पुढच्या वर्षीच्या यादीत ते नव्याने उगवेल. म्हणून त्याचा फक्त रुग्णालयीन क्रमांक, रोगाचा उल्लेख न करता, अभिलेख विभागात वेगळा ठेवायचा आणि प्रत्येक नवी यादी टपालात जाण्याआधी त्याच्याशी ताडून बघायची.