एक थेंब, रात्री साडेनऊला

(दृश्य: किसननगर, सकाळ. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली रिक्षा.)

ठाण्याचं किसननगर. इथून वागळे इस्टेटचे शेड चालत गाठता येतात. काका तीस वर्षं असेच चालत जायचे, लेथवर. एका दुपारी लोखंडाची चिप उडाली. गॉगल कपाळावर चढवलेला होता. उजवा डोळा काढावा लागला. त्याजागी कृत्रिम डोळा आला.

(दृश्य: बेसिन. काकूंचे हात.)

काकू बेसिनमध्ये आधी जाड टॉवेल अंथरतात. सुरुवातीला एकदा डोळा साबणाच्या हातातून निसटला, फरशीवर आपटला आणि त्याला चरा गेला. तेव्हापासून टॉवेलशिवाय डोळा बाहेर निघत नाही.

काका वर बघतात. खालची पापणी बोटाने ओढली, छोटा रबरी सक्शन कप टेकवला, की कड सुटते आणि डोळा तळहातावर येतो.

(दृश्य: तळहात, अगदी जवळून.)

नीट बघा. हा गोळा नाही, शिंपल्यासारखी पोकळ कवची आहे. ऑपरेशनच्या वेळी खोबणीत बसवलेला गोळा आतच राहतो, त्याच्यावर गुलाबी अस्तर चढलेलं असतं. कवची त्याच्यापुढे पापण्यांच्या आधाराने बसते. म्हणूनच काकांनी बाजूला पाहिलं की तीही थोडी सरकते.

(दृश्य: डोळे घडवणाऱ्याचं टेबल. रंग, ब्रश, लाल धागा.)

लोक अजून 'काचेचा डोळा' म्हणतात. काचेचे डोळे घडवण्यात जर्मनीतलं लाउशा गाव नावाजलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात तो माल बंद झाला, आणि अमेरिकी लष्करातल्या दात बसवणाऱ्या तंत्रज्ञांनी कवळीच्या प्लास्टिकचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे डोळे केले. इथेही काम दातांसारखंच चालतं. लगद्याने खोबणीचा साचा घ्यायचा, मेणाची कवची बसवून पाहायची, मग अ‍ॅक्रिलिक ओतायचं. बुबुळ हाताने रंगवायचं, समोर काकांचा डावा डोळा ठेवून. काळं कुठे संपतं, तपकिरी कुठे सुरू होतं, कडेची करडी रेघ किती जाड, सगळं त्या डोळ्यात बघून. शेवटी लाल रेशमाचे तंतू विंचरून पांढऱ्यावर ठेवायचे. त्या शिरा. हा हात बघत बसावं असा आहे.

पण एवढ्या मेहनतीचा डोळा घरी आला, तेव्हा सोबत होती एक डबी आणि एक वाक्य: रोज काढून स्वच्छ धुवा.

त्यांनी धुतला. रोज, कधी दोनदा. सॅनिटायझरनेसुद्धा. आणि चिपडं वाढतच गेली.

(दृश्य: काका आरशासमोर.)

खोबणीत अश्रू येतात. पण कवचीवर पापणी पुरती मिटत नाही, झोपेतही फट राहते, आणि प्लास्टिकवर ओलावा सारखा पसरत नाही. मधला पट्टा कोरडा पडतो. तिथे अश्रूंतली प्रथिनं वाळून पांढरट थर धरतो, वर तीन हात नाक्याची धूळ. हा खरखरीत पट्टा पापणीला आतून घासतो. पापणी चिडली की चिकट स्राव वाढतो. माणसाला वाटतं, डोळा घाण झाला. तो पुन्हा काढतो, पुन्हा धुतो, पापणी आणखी चिडते. वंगणाशिवाय फिरवलेलं मशीन काय होतं, हे काकांइतकं कुणाला ठाऊक? डोळ्यालाही वंगण लागतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता डोळा महिन्यातून एकदा निघतो, किंवा काही खुपलं तर. कोमट पाणी, लहान मुलांचा साबण, दोन बोटांत हळू चोळायचं, साबण पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. स्पिरिट नाही, डेटॉल नाही, उकळतं पाणी नाही. त्यांनी अ‍ॅक्रिलिक खराब होतं. टूथपेस्टही नाही, तिने ओरखडे पडतात. बाहेर ठेवायचा झाला तर सलाइनमध्ये, कोरडा कधीच नाही.

बसवताना वरची पापणी उचलून कड आत सरकवायची, मग खालची ओढून सोडायची.

(दृश्य: थेंब. संथ गतीत.)

रोजचं काम एवढंच. पाण्यासारखे कृत्रिम अश्रू लवकर उडून जातात. दाट जेल किंवा सिलिकॉन तेलाचे थेंब जास्त टिकतात. मलमाने नजर धूसर होते म्हणून एरवी ते रात्री लावतात. इथे धूसर व्हायला नजरच नाही, त्यामुळे दिवसाही चालतं. घरातलं खोबरेल मात्र घालायचं नाही. पुसायचं ते डोळा मिटून, नाकाच्या दिशेने. उलट पुसलं तर कवची फिरू शकते.

पिवळा-हिरवा स्राव, वास, सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर.)

वर्षातून एकदा पॉलिश. काकू तारखेला लाल गोल करून ठेवतात. फिरत्या चाकावर तो थर निघतो आणि बुबुळ पुन्हा ओलं दिसू लागतं. काका शेजारी उभं राहून चाकाचा आवाज ऐकतात.

(दृश्य: रात्र. खाटेच्या कडेला काका.)

साडेनऊ. डाव्या डोळ्यासाठी घेतलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा उशाशी. आता तोच एक डोळा आहे, म्हणून चष्मा झोपतानाच उतरतो.

"अहो, वर बघा."

काका वर बघतात.