पुढची चाकं आणि मावशींचं मनगट

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की साधारण ३० किलोमीटरवर उरुळी कांचन लागतं. तिथं जवळच आमची नर्सरी आहे. मातीच्या पिशव्या, कुंड्या, शेणखत अशी ओढाओढ करायला आमच्याकडे एक जुना गार्डन ट्रॅक्टर आहे. शेतातल्या ट्रॅक्टरच्या मानाने अगदी लहान. परदेशी बनावटीचा हा ट्रॅक्टर कुणाच्या तरी बंगल्याच्या बागेत लॉन कापायचं काम करत होता, तिथून आम्ही तो घेतला. तो सगळ्यात जास्त चालवतात आमच्या मावशी. वय पंचावन्नच्या पुढे, आणि आयुष्यात पहिलं स्टीअरिंग त्यांनी हातात धरलं ते याच ट्रॅक्टरचं.

गेल्या हिवाळ्यात मावशी मनगटाला फडकं बांधून कामावर यायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "वळणावर लई जड जातंय. मागं ट्रॉली भरलेली असली की नुसतं लोंबकळावं लागतं चाकाला." मी स्वतः तो ट्रॅक्टर बहुतेक सरळ रस्त्यावरच चालवला होता. त्या दिवशी वाफ्यांच्या मधल्या अरुंद वाटेवर चार वेळा वळवून पाहिला, आणि चौथ्या वेळी माझेही खांदे भरून आले. हे काम ही बाई रोज करत होती. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या जडपणाबद्दल आणि तो कसा कमी झाला त्याबद्दल.

आधी एक परीक्षा सांगतो, तिला पैसे लागत नाहीत. ट्रॅक्टरचं तोंड जॅकवर उचला, पुढची दोन्ही चाकं अधांतरी करा आणि स्टीअरिंग फिरवा. अधांतरीसुद्धा जड लागत असेल तर दोष टायरचा नाही. चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं तो किंगपिन कोरडा पडलेला असतो, नाहीतर स्टीअरिंगखालचे दाते झिजलेले असतात. आमच्याकडे दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या होत्या. ग्रीसच्या निपलवर एवढी माती साचली होती की निपल आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. साफ करून ग्रीस भरलं, जुनं काळं वंगण बाहेर येईपर्यंत भरलं, तेव्हा फरक पडला. पण चाकं जमिनीला टेकली की जडपणा पुन्हा हजर.

आता टायरकडे येऊ. या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर आकडे असतात १६, ६.५० आणि ८. उंची १६ इंच, रुंदी साडेसहा इंच, आणि आतली डिस्क ८ इंचांची. एवढ्या छोट्या चाकाला एवढी रुंदी कशासाठी, तर लॉनसाठी. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, वजन पसरतं आणि गवत दबत नाही. पुढच्या एका चाकावर ६० किलो वजन आहे असं धरा. हवा १२ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला १२ पौंड असेल तर ढोबळमानाने ७० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकतं, म्हणजे अर्ध्या पोस्टकार्डाएवढं. तुम्ही जागेवर स्टीअरिंग फिरवता तेव्हा हे सगळं रबर जमिनीवर घासत पिळलं जातं. हवा दुप्पट केली तर टेकणारी जागा निम्मी होते आणि पिळायला लागणारा जोर साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणून टायर बदलण्याआधी हवा वाढवून पाहा, पण टायरच्या अंगावर लिहिलेल्या कमाल आकड्यापुढे मुळीच जाऊ नका. आमच्या जुन्या टायरची मर्यादा लवकरच आली.

जडपणाखेरीज मावशींची दुसरी एक तक्रार होती: हिसके. एक चाक दगडावर गेलं की स्टीअरिंग हातातून ओढलं जायचं. याचं कारण वेगळं आहे. रुंद चाकाला किंगपिनपासून लांब उभं राहावं लागतं, नाहीतर ते आत घासेल. चाकाचा मध्य जितका लांब, तितकी दगडाच्या धक्क्याला पहार मोठी मिळते. अरुंद चाक आत सरकवता येतं, आणि पहार आखूड होते. बैलगाडीच्या चाकाची धाव आठवा, जेमतेम दोन बोटांची. कठीण जमिनीवर ती किती हलकी वळते!

मग अरुंद टायर कुठून आणायचा? पुण्यात याचं उत्तर दर चौकात उभं असतं. रिक्षाचा टायर. त्यावर लिहिलेलं असतं ४.००-८. डिस्क तीच ८ इंचांची, रुंदी चार इंच, आणि उंची जवळजवळ मूळ टायरएवढीच, सोळा इंचांच्या किंचित वर. ही उंची जुळणं मोठं सोयीचं, कारण उंची बदलली की ट्रॅक्टरचं नाक वर-खाली होतं आणि खालचं गवत कापायचं पातं तिरकं बसतं. शिवाय ज्या टायरवर चालक आणि तीन माणसं बसून दिवसभर फिरतात, त्याला आमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचं वजन काहीच नाही.

मी आधी एक चूक केली. मूळच्या रुंद डिस्कवरच रिक्षाचा टायर चढवायला गेलो. त्याच्या कडा ताणल्या गेल्या आणि टायर नीट बसेना. अरुंद टायरला अरुंदच डिस्क लागते. नाना पेठेतून टायर-ट्यूब घेतले, रविवारी जुन्या बाजारातून रिक्षाच्या दोन डिस्क आणल्या आणि हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत एका टर्नरकडे गेलो. आमच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक पाऊण इंची दांड्यावर नुसतं सरकवलेलं असतं, बाहेरून वॉशर आणि स्प्लिट पिन. त्याने त्या मापाची नळी लेथवर तयार केली, आत गनमेटलची बुश, म्हणजे दांड्यावर फिरणारं गुळगुळीत अस्तर ठोकलं आणि नळी डिस्कच्या मध्यभागी वेल्ड केली. वेल्ड करण्याआधी चाक फिरवून डुगडुग पाहिली. चाक किती आत घ्यायचं हे आम्ही ट्रॅक्टर शेजारी उभा करूनच ठरवलं. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं आणि टायर कुठेही टेकत नाही हे बघितलं.

श्रोतेहो, इथं थोडं थांबून ऐका. रिक्षाची डिस्क दोन भागांची असते, नट-बोल्टने एकत्र धरलेली. ट्यूबमध्ये हवा असताना ते नट कधीही सैल करू नका. दोन्ही भाग बंदुकीच्या गोळीसारखे अलग होतात आणि समोरचा चेहरा, हात काहीही वाचत नाही. आधी वॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, टायर हाताने दाबून पाहा, मगच पाना लावा. आणि वेल्डिंग करताना डिस्कवर टायर ठेवू नका, हवा काढलेला असला तरी नाही. घाईत असलेला माणूस नेमकं हेच विसरतो, म्हणून हे मी नर्सरीतल्या प्रत्येकाला हातात डिस्क देऊन दाखवलं.

चाकं बसल्यावर टो-इन तपासायचं राहिलं होतं. दोन्ही चाकांमधलं अंतर समोरून आणि मागून दांड्याच्या उंचीवर मोजायचं. समोरून ते तीनेक मिलिमीटर कमी हवं. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा, म्हणजे टाय रॉडचा नट फिरवून ते जुळवलं. हवा २२वर ठेवली.

मावशींनी पहिली फेरी मारली ती भरलेली ट्रॉली घेऊनच. वळणावर त्यांनी सवयीने दोन्ही हातांनी जोर लावला आणि ट्रॅक्टर गरजेपेक्षा जास्त वळला, जवळजवळ शेवंतीच्या पिशव्यांत गेला. त्या जोरात हसल्या. दुसऱ्या फेरीला एक हात मांडीवर होता.

द्राक्षाच्या, अंजिराच्या बागेत मिनी ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. तुमचा ट्रॅक्टर चारही चाकांना ओढ देणारा असेल तर पुढच्या टायरची उंची मनाने बदलू नका. त्यात पुढची आणि मागची चाकं गिअरमधून एका ठरलेल्या प्रमाणात बांधलेली असतात. ते प्रमाण बिघडलं की भार गिअरबॉक्सवर येतो. मागच्याच चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरला मात्र अरुंद, तीन रेघांचा, म्हणजे अंगावर गोल फिरणारे तीन उंचवटे असलेला टायर चांगला. मधली रेघ मातीत रुतून बाजूला धरून ठेवते, त्यामुळे वळवताना तोंड सरळ घसरत नाही.

अरुंद टायरला मुरूम आणि पक्की वाट मानवते. आमच्या लॉनच्या तुकड्यावर मात्र पहिल्याच अवकाळी पावसानंतर त्याने दोन बोटं खोल चाकोरी पाडली, आणि काळ्या मातीत वापसा येण्याआधी तर तो नेऊच नये, तिथं तो सुरीसारखा खाली जातो. म्हणून जुनी रुंद चाकं आम्ही विकली नाहीत. शेडमध्ये आडवी ठेवली आहेत, बुशला ग्रीस लावून. जूनमध्ये पाऊस लागला की एका बाजूची एक स्प्लिट पिन, एक वॉशर, एवढंच काढायचं. ते मावशी आता स्वतः करणार आहेत. पाना कुठल्या खिळ्याला टांगायचा, हेही त्यांनीच ठरवलंय.

नमस्कार.