सनदेनंतरची पदवी

(विधी शाखेच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी आणि कनिष्ठ वकील यांच्यासमोर साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

या व्याख्यानाचे निमंत्रण देताना संयोजकांनी मला एकच प्रश्न लिहून पाठवला होता : एलएल.एम., म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, केल्याने वकिली वाढते का? त्याचे उत्तर मी आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचे मोकळेपणाने बोलता येईल. पदवी मिळाली म्हणून वकिली वाढत नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, एलएल.बी. पुरेशी आहे आणि एलएल.एम. झालेल्या वकिलाला न्यायालयात उभे राहण्याचा कोणताही जादा हक्क मिळत नाही. पक्षकार वकीलपत्रावर सही करताना तुमच्या नावापुढची अक्षरे वाचत नाही. त्याच्या भावकीतल्या कोणाचे काम तुम्ही मागे कसे केले होते, याची चौकशी करून तो आलेला असतो. असे असूनही, माझ्या व्यवसायातील सर्वांत फलदायी काळ कोणता असे कोणी विचारले, तर मी एलएल.एम.ची दोन वर्षेच सांगेन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगण्यासाठी मला माझ्या एका हरलेल्या प्रकरणापासून सुरुवात करावी लागेल.

मी २००३ साली येथल्याच जिल्हा न्यायालयात काम सुरू केले. वाटपाचे दावे, बांधाचे वाद, मनाई हुकमाचे अर्ज, असे कोणत्याही दिवाणी वकिलाच्या वाट्याला येणारे काम मी करीत होते. नवव्या वर्षी जिल्ह्यातील एका गावचे सात-आठ शेतकरी माझ्याकडे आले. कालव्यासाठी सर्वांच्या जमिनी एकाच अधिसूचनेने संपादित झाल्या होत्या. त्यांच्या शेजाऱ्याने १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदला मागितला होता आणि न्यायालयाने त्याला दर वाढवून दिला होता. या मंडळींनी त्या वेळी अर्ज केलेला नव्हता. अशांसाठीच १९८४ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम २८-अ आले. एकाने न्यायालयातून वाढीव दर मिळवला, तर त्याच अधिसूचनेखालील इतरांनी त्या निवाड्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून आपला मोबदला नव्याने ठरवून मागावा, अशी ही तरतूद आहे. माझ्याकडे हे लोक आले तेव्हा निवाड्याला आठ महिने होऊन गेले होते. शेजाऱ्याला वाढीव रक्कम मिळाल्याचे त्यांना गावच्या यात्रेत कळले होते. मुदत माहितीच्या दिवसापासून मोजावी, असा मी माझ्या परीने युक्तिवाद केला. अर्ज फेटाळला गेला. त्यांच्यातले वयाने सर्वांत मोठे होते ते मला म्हणाले, "वकीलबाई, आमच्या अन् त्याच्या बांधाला बांध लागून हाय, मग दर दोन कसं?" त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढल्या वर्षी, २०१३ साली, मी पुण्याला एलएल.एम.ला प्रवेश घेतला. दोन वर्षे नवे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरवले आणि हातातली प्रकरणे माझ्या सिनिअरांच्या कार्यालयाकडे सोपवली. सकाळची स्वारगेटची विनाथांबा गाडी, खंबाटकीचा घाट आणि गाडीतच केलेले वाचन, असे ते दिवस गेले. मुलगा त्या वेळी पहिलीत होता. त्याचा अभ्यास घरातल्या इतरांनी घेतला म्हणून माझा झाला. त्या दोन वर्षांत घरातल्या एका माणसाची कमाई पूर्णपणे थांबते, याचा हिशेब आधी कागदावर मांडावा आणि घरच्यांसमोर मांडावा. 'कसेतरी होईल' या भरवशावर निघालेल्यांना मी प्रबंध अर्धवट टाकून परतताना पाहिले आहे. नियमित अभ्यासक्रम करीत असताना वकिली चालू ठेवण्याबाबत बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेचा नियम काय आहे, तेही प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्यावे.

प्रबंधाचा विषय म्हणून मी वरील प्रकरणच लिहून नेले. माझ्या मार्गदर्शकांनी ती चार पाने वाचली आणि म्हणाले, "ही तक्रार झाली. यातला प्रश्न कुठे आहे?" या एका वाक्याने मला जे शिकवले ते नऊ वर्षांच्या वकिलीने शिकवले नव्हते. वकील म्हणून आपण नेहमी एका बाजूने विचार करतो. उत्तर आधी ठरलेले असते आणि त्याला आधार शोधायचा असतो. संशोधनात उत्तर ठरलेले नसते, आणि ते आपल्या विरुद्ध निघाले तरी लिहावे लागते. माझ्या बाबतीत तसेच झाले. मी पहिल्या सत्रात असतानाच, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कलम २८-अ ची मुदत निवाड्याच्या तारखेपासूनच मोजायची, अर्जदाराला तो कळल्याच्या तारखेपासून नाही. माझा युक्तिवाद कायमचा संपला. पण त्याच दिवशी माझा प्रश्न स्पष्ट झाला. मुदत जर निवाड्यापासून चालू होत असेल, तर निवाडा झाल्याचे बाकीच्यांना कळवण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली आहे? कलम वाचले की दिसते, कोणावरही नाही.

पुढचे दीड वर्ष मी निवाडे, रोजनामे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आलेले अर्ज वाचले, नकलांसाठी खेटे घातले आणि काही गावांत जाऊन बसले. एका गोष्टीने मला थक्क केले. ज्या गावांत बहुतेकांचे काम एकाच वकिलाकडे होते, तेथे अर्ज मुदतीत आले होते, कारण त्या वकिलाने निकालाच्या दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला होता. गरिबाला मिळालेला हक्क असा एका निरोपावर टांगलेला होता. दरम्यान १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला; त्याच्या कलम ७३ मध्ये हीच तरतूद आणि हीच तीन महिन्यांची मुदत आहे, म्हणून हा प्रश्न आजही जिवंत आहे.

परत आल्यावर काय झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी माझ्याकडे पूर्वीपेक्षा कमी काम होते, कारण दोन वर्षे नसलेल्या वकिलाला लोक विसरतात. पुढे हळूहळू भूसंपादनाची प्रकरणे येऊ लागली, आणि ती पक्षकारांकडून नव्हे तर वकिलांकडून येऊ लागली. शेजारच्या तालुक्यातले वकील मत विचारू लागले, अपिलाचे मुद्दे लिहून मागू लागले. व्यवसायातील प्रगती मला या मार्गाने मिळाली. एका विषयात खोलवर शिरल्यामुळे, आणि तो विषय माझ्याच फायलीतून आलेला असल्यामुळे, ती मिळाली. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की वकिलाने एलएल.एम. करायची ती एलएल.बी.च्या निकालानंतर लगेच, 'पुढे काय' हा प्रश्न दोन वर्षे लांबवण्यासाठी करू नये. चार-पाच वर्षे न्यायालयात घालवावीत, एखादा प्रश्न आपल्याला झोपू देईनासा व्हावा, आणि मग जावे. वयाची चिंता करू नये. येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे वय वाढल्यावर काशीला शिकायला गेले, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो म्हणजे ज्यांना शिकवायचे आहे त्यांचा. विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. शिकवू इच्छिणाऱ्यांनी थांबण्याचे कारण नाही. वकिली सोडायची नसेल तर बार कौन्सिलच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायद्याचे अध्यापन करता येते, ही वाटही खुली आहे.

न्यायाधीश होण्याची तयारी करणाऱ्यांनी मात्र पुन्हा विचार करावा. परीक्षेची तयारी आणि एलएल.एम. सोबत करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा आणली. पदव्युत्तर पदवी हा त्या वर्षांचा पर्याय नाही. ज्याला त्या खुर्चीत बसायचे आहे, त्याने ती वर्षे आधी साक्षीदारांच्या उलटतपासणीत घालवावीत.

प्रवेशाच्या वाटा थोडक्यात सांगते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी क्लॅट या सामाईक प्रवेश परीक्षेची पदव्युत्तर परीक्षा द्यावी लागते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी वेगळी प्रवेशप्रक्रिया असते. एक वर्षाची पदवी बंद करण्याचा नियम बार कौन्सिलने जानेवारी २०२१ मध्ये आणला होता. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ते अभ्यासक्रम आजही चालू आहेत. मला विचाराल तर प्रत्यक्ष नोंदी वाचून काम करायचे असल्यास एक वर्ष फार अपुरे पडते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती घ्यावी. आणि परतून अध्यापनात यायचे असेल तर तिकडच्या पदवीची समकक्षता जाण्यापूर्वीच तपासावी.

आता विषयांकडे वळते, कारण तेथे आपल्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान होते. दरवर्षी माझ्याकडे मुले येतात आणि सायबर गुन्हे, बौद्धिक संपदा, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी नावे सांगतात. हे विषय मोठे आहेत यात शंका नाही. पण ज्याच्या घरासमोर कृष्णा वाहते त्याने कृष्णेच्या पाण्यावरील आंतरराज्य तंट्यातला बच्छावत लवादाचा निवाडा वाचलेला नसावा, याचे मला दुःख होते. सांगलीच्या विद्यार्थ्याला २०१९ च्या महापुरानंतर धरणांतून पाणी सोडण्याची कायदेशीर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न शिकवावा लागत नाही. तो त्याने गुडघाभर चिखलातून घर धुताना पाहिलेला आहे. सहकार घ्या. ९७ व्या घटनादुरुस्तीचा राज्यातील सहकारी संस्थांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द केला. सहकारी बँकांना थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली तारण मालमत्तेवर कारवाई करता येते, हा घटनापीठाचा मे २०२० चा निर्णय कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून आला. साखर कारखाने आणि पतसंस्था यांच्या गराड्यात राहणारा विद्यार्थी हा विषय सोडून देतो, तेव्हा तो हातातले सोने टाकून दूरचे पितळ उचलतो, असे मला वाटते. सांगलीची हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो का, हासुद्धा बौद्धिक संपदेचाच प्रश्न आहे. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न धरणाला साठ वर्षे उलटून गेल्यावरही सुटलेले नाहीत आणि त्यांच्या कागदपत्रांचे गठ्ठे वाचणारा संशोधक अजून हवा आहे.

येथेच भाषेचा मुद्दा येतो. मराठी माध्यमातून आलेली मुले एलएल.एम.च्या नावाने बिचकतात, कारण प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो. इंग्रजी लिहिण्याची मेहनत करावी लागते, ती मीही केली. माझे पहिले प्रकरण चार वेळा परत आले. पण फेरफार, कडईपत्रक, पंचनामा, तलाठ्याचा जबाब हे सारे मराठीत आहे. मोठ्या विद्यापीठातल्या हुशार विद्यार्थ्याला ते दुभाष्याशिवाय वाचता येत नाही, तुम्हाला येते. ज्याला आपण उणीव समजतो ती संशोधनात आपली ताकद आहे.

अभ्यासाने वकील कोठवर जाऊ शकतो याचे उदाहरण याच गावाने दिले आहे. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १९०१ साली साताऱ्यात झाला. त्यांच्याकडे एम.ए. आणि एलएल.बी. होती, एलएल.एम. नव्हती. मुंबईत वकिली करीत असताना त्यांनी हिंदू कायद्यावरील नियतकालिकाचे संपादन केले आणि दत्तकविधानावरील जुन्या संस्कृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६४ ते १९६६ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. त्यांनी स्वतःच्या शिस्तीने जे केले, ते करण्याची शिस्त आपल्यापैकी बहुतेकांना एखादा अभ्यासक्रम, एखादा मार्गदर्शक आणि एखादी मुदत असल्याशिवाय लागत नाही. एलएल.एम.चा उपयोग मला तेथे दिसतो.

आणि आता वेळही तशी आली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर या सहा जिल्ह्यांचे काम तेथे जाऊ लागले. पूर्वी आपण अपिलाचे कागद मुंबईच्या वकिलाकडे पाठवत होतो आणि आपले काम तेथे संपत होते. आता सकाळी निघून दुपारच्या सुनावणीला पोहोचता येते. पण तेथे इंग्रजीत लेखी युक्तिवाद द्यावा लागतो, परस्परविरोधी निर्णयांतला फरक दाखवावा लागतो, तरतुदीचा इतिहास सांगावा लागतो. हे काम आपल्या तरुणांनी करायचे, की अंतर कमी होऊनही कागद पुन्हा दुसऱ्याच्याच हाती द्यायचे, हे पुढच्या दहा वर्षांत ठरेल.

माझ्या प्रबंधाची प्रत कार्यालयात आहे. ज्यांना विषय सापडत नाही त्यांनी शनिवारी दुपारी यावे, आपली हरलेली एक फाईल सोबत आणावी. ती आपण एकत्र वाचू. "दर दोन कसं?" असे विचारणारे ते आजोबा आज नाहीत. त्यांचा नातू मागल्या वर्षी माझ्याकडे आला होता, महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या दोन गुंठ्यांसाठी. शेजाऱ्याचा निकाल कधी लागला, हे मी त्याला सर्वांत आधी विचारले. तो म्हणाला, "कालच लागला, म्हणून आज आलो."