वजन सोपं, घनफळ अवघड

आभार-प्रदर्शन झालं असं समजू आणि कामाला लागू. पत्रिकेत विषय छापलाय ‘रोजच्या वस्तूंची घनता कशी मोजावी’. घनता म्हणजे वस्तुमान भागिले घनफळ, हे इथल्या प्रत्येकाने शाळेत घोकलेलं आहे, तेव्हा व्याख्येत अडकत नाही. माझं म्हणणं एवढंच की या भागाकारातला वरचा आकडा कुणालाही काढता येतो. काट्यावर वस्तू ठेवा, झालं. सगळी गोम खालच्या आकड्यात आहे. (मी वस्तुमानाला मधूनमधून वजन म्हणेन. पुढच्या रांगेतल्या भौतिकशास्त्रवाल्यांनी तेवढं पोटात घालावं.)

घनफळ म्हटलं की आर्किमिडीज टबातून उठून धावत येतोच. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या नावावर खपवलेल्या पद्धतीवर आहे. राजाचा मुकुट, सोनाराने चांदी मिसळल्याचा संशय, काठोकाठ भरलेलं भांडं आणि सांडलेलं पाणी, ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. ती आपल्याला सांगितली व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने, आणि तीही आर्किमिडीज जाऊन सुमारे दोनशे वर्षं झाल्यावर. खुद्द आर्किमिडीजचं जे लिखाण हाताशी आहे, त्यात मुकुटाचं नावसुद्धा नाही.

बरं, हिशेब करून बघा. मुकुट एक किलोचा धरू. सोन्याची घनता १९.३ (दर घन सेंटिमीटरला ग्रॅम, पुढचे आकडेही तसेच), म्हणजे अस्सल मुकुटाचं घनफळ सुमारे ५२ घन सेंटिमीटर. सोनाराने ३० टक्के सोनं काढून तेवढ्याच वजनाची चांदी घातली, तर चांदीची घनता १०.५ असल्यामुळे ते होईल ६५. फरक १३ घन सेंटिमीटरचा. आता मुकुट डोक्यावर बसणारा, तेव्हा भांड्याचं तोंड निदान २० सेंटिमीटर हवं. एवढ्या पसरट तोंडात १३ घन सेंटिमीटरने पाण्याची पातळी किती बदलेल? ०.४ मिलिमीटर! काठोकाठ भरलेलं पाणी पृष्ठताणामुळे काठाच्या वर फुगून उभं राहतं, ते याहून जास्त असतं. शिवाय मुकुटाच्या नक्षीत बुडबुडे अडकणार, बाहेर काढताना पाणी चिकटून येणार. एवढ्या पुराव्यावर बिचाऱ्या सोनाराला शिक्षा? वकील बरा असता तर पहिल्याच तारखेला सुटला असता.

ही शंका माझी एकट्याची नाही. १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गॅलिलिओने एक छोटा निबंध लिहिला आणि पाणी सांडण्याची पद्धत ओबडधोबड ठरवली. त्याचं म्हणणं, आर्किमिडीजने तराजूच वापरला असणार. वस्तू हवेत तोला, मग पाण्यात बुडवून तोला; जेवढं वजन घटलं तेवढ्या वजनाचं पाणी तिने बाजूला सारलं. एक घन सेंटिमीटर पाणी एक ग्रॅम भरतं, म्हणजे आपला अस्सल मुकुट पाण्यात ५२ ग्रॅमने हलका होईल, भेसळीचा ६५ ने. तेरा ग्रॅमला तराजू लगेच झुकतो. गॅलिलिओची करामत पुढे आहे. त्याने तराजूच्या दांडीवर बारीक तार वेढे देऊन गुंडाळली, मोजपट्टी म्हणून. वेढे इतके जवळजवळ की नजर ठरेना. मग तो सांगतो की टोकदार सळई त्यावरून हळूहळू फिरवा आणि वेढे हाताला लागतील, कानाला ऐकू येतील तसे मोजा. घनतेचा आकडा कानाने वाचायचा!

तरी पुस्तकांमध्ये चित्र कोणतं? टबच. मी एका प्रकाशकांना हा सगळा हिशेब लिहून पाठवला होता. उत्तर आलं, मुलांना ते चित्र आवडतं. यावर काय बोलणार? जाता जाता एक, आजचा लबाड चांदी वापरणारच नाही. टंगस्टन या धातूची घनता १९.२५ आहे, जवळजवळ सोन्याएवढीच. त्याच्यापुढे गॅलिलिओचीही मात्रा चालायची नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

घरी करायचं ते असं. डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधून तो हातानेच पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. पाणी दगडाला वर रेटतं, तेवढाच दगड पाण्याला खाली रेटतो. काटा दाखवेल तेवढे ग्रॅम, तेवढेच घन सेंटिमीटर. दगड १३५ ग्रॅमचा आणि काट्यावर ५०, तर घनता २.७. अॅल्युमिनियमचीही २.७ च, काचेची साधारण २.५. अॅल्युमिनियम हलकं वाटतं, कारण ते बहुतेक पातळ पत्र्याच्या रूपातच हाती येतं. तरंगणारी वस्तू सुईने खाली दाबा. बुडबुडे चिकटले तर साबणाचा एक थेंब. पाणी ४ अंशांवर असो की ३०, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, सोडून द्या.

आता अवघड भाग, भरभर. घनफळ कशाचं धरायचं? लिटरभर कोरडी वाळू साधारण १.६ किलो भरते, पण तिचा गारगोटीचा कण २.६५ चा. दोन्ही आकडे बरोबर, मधली जागा हवेची. लाकडाचंही तेच. कुठल्याही झाडाच्या पेशींच्या भिंतीची घनता १.५ च्या आसपास, म्हणजे लाकडाचा मूळ पदार्थ बुडणाराच. तरंगते ती आतली पोकळी. थर्मोकोलचं प्लास्टिक १.०५ चं, तेही बुडेल. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक १.३८, झाकणाचं ०.९ ते ०.९५, तुकडे करून पाण्यात टाका, आपोआप वेगळे होतात. पुनर्वापराच्या कारखान्यात हेच करतात.

आणि अर्धा टक्का सोडून द्या म्हटलं खरं, पण लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने तो सोडला नाही. हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून काढलेल्यापेक्षा सुमारे अर्धा टक्का जड का भरतो, यामागे तो १८९२ पासून लागला. १८९४ मध्ये त्याने आणि रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेने आर्गॉन हा नवा वायू जाहीर केला, १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, एकाला भौतिकीचं, दुसऱ्याला रसायनाचं. हवेत हा वायू जवळजवळ एक टक्का आहे आणि तोवर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. प्रश्न बाहेर घेऊ, सभागृह रिकामं करायला सांगताहेत.