थोर वेगळा, कॅक्टस वेगळा

राजेहो, माइक थोडा कुरकुरतो आहे, मागच्या बायांना ऐकू येत असेल तर सुरू करतो. मला विषय दिला सेरियस नावाच्या खांबासारख्या कॅक्टसचा आणि बाहेरच्या बोर्डावर पोट्ट्यांनी फोटो चिकटवला थोराचा. मी हसलो नाही, कारण मागच्या महिन्यात चार घरी 'गुरुजी, आमचा कॅक्टस बघून जा' म्हणून बोलावलं तर त्यातल्या तीन घरी थोरच निघाला.

दोन्ही खांबासारखे उभे, दोन्ही हिरवे, दोन्हीला काटे, म्हणून आपण दोघांनाही निवडुंग म्हणतो आणि मोकळे होतो. पण थोर आपल्या एरंडाच्या कुळातला, आणि कॅक्टसचं माहेर अमेरिका खंड. ऱ्हिप्सॅलिस नावाची एक लोंबती जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपोआप वाढते, ती सोडली तर बाकी सगळे तिकडून आणलेले. धुऱ्यावरचा फड्या निवडुंगसुद्धा. अशा फड्यांवर लाल रंग देणारे किडे पोसायचे म्हणून कंपनी सरकारनं मोठा खटाटोप केला, १७९५ साली किडे आणले ते नेमके दुसऱ्याच जातीचे निघाले, रंग काही जमला नाही पण त्यांनी कितीतरी निवडुंग खाऊन टाकला.

तर ओळखायचं कसं? काटा बघू नका, काटा जिथून निघतो ती जागा बघा. कॅक्टसच्या धारेवर ठरावीक अंतरावर लोकरीसारखी बारकी गादी असते आणि तिच्यातून काट्यांचा झुबका निघतो. थोराला अशी गादी नसते, काटे जोडीनं येतात, आणि पावसाळ्यात शेंड्याला जाड पानं फुटतात. तरी शंका राहिली तर टाचणीनं हलकेच टोचा, पांढरं दूध आलं की थोर समजा. हातानं मोडून बघू नका बरं, हा चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. तसा तो चीक कामाचा आहे, भगंदरावर वैद्य जे क्षारसूत्र वापरतात त्या दोऱ्याला थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद असे मिळून २१ लेप देतात. पण ते वैद्याचं काम, आपलं नाही.

आता आपला पाहुणा, सेरियस. दक्षिण अमेरिकेतला, निळसर हिरवा, साधारण ४ ते ८ धारा. धारा का? पाणी पिला की हार्मोनियमच्या भात्यासारखा फुगतो, पाणी संपलं की आक्रसतो. दिवसा हा सालीवरची छिद्रं मिटून ठेवतो आणि हवा रात्री आत घेतो, म्हणून नवतप्यातही टिकतो. फूलही रात्रीच, वीतभर लांब, पांढरं, अंधार पडल्यावर उमलणार आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकणार. एका काकूंनी मला रात्री साडेदहाला फोन करून ब्रह्मकमळ आलं म्हणून सांगितलं. आपल्याकडे रात्री उमललेलं प्रत्येक फूल ब्रह्मकमळच असते! खरं ब्रह्मकमळ हिमालयात, आणि आपण कुंडीत चपट्या पानासारख्या फांदीचं लावतो ते एपिफायलम, तोही कॅक्टसच, ह्याचा चुलत भाऊ समजा.

सगळे विचारतात, "उन्हात जळते का हो?" जळत नाही. नर्सरीतून हिरव्या जाळीखालून आणलेला एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवला तर मात्र पांढरे-पिवळे चट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात, म्हणून महिनाभर थोडं थोडं ऊन दाखवायचं. हा खरा मरते तो श्रावणात. मी स्वतः गोठ्यामागच्या काळ्या मातीत लावला होता, पाच फूट झाला, आणि झडीचे आठ दिवस गेल्यावर सकाळी बघतो तर आडवा. बुडाशी नुसता लगदा. आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, पण ती पाणी धरून बसते आणि ह्याच्या मुळाला हवा मिळत नाही. म्हणून फूटभर उंच ओटा करायचा, त्यात निम्मा मुरूम, जाड रेती, विटांचे तुकडे आणि ओंजळभर जुनं शेणखत, बस. कुंडी मातीची, खाली भोक हवंच. उन्हाळ्यात बोट खुपसून बघायचं, आत कोरडं लागलं तरच पाणी, हिवाळ्यात अगदी थोडं, पावसाळ्यात कुंडी वळचणीला सरकवायची.

बुडाकडे तपकिरी साल आली म्हणून घाबरून एका भाऊनं अख्खं झाड फेकलं. अहो, दाबून बघायचं ना! कडक लागलं तर म्हातारपणाची साल, मऊ लागलं तर सड. पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कपाशीवाल्यांना ह्याची ओळख मी काय करून देणार, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. आणि फूल येत नाही म्हणून युरिया टाकू नका, त्यानं झाड मऊ आणि पोकळ वाढते. फुलाला पूर्ण ऊन लागते आणि काही वर्षं जावी लागतात.

माझ्या त्या पडलेल्या झाडाचा शेंडा मी स्वच्छ कापला, आतला गर सगळीकडे पांढरा दिसेपर्यंत कापत गेलो, आणि ओसरीत सावलीला पंधरा दिवस नुसता ठेवून दिला. काप सुकून कातड्यासारखा झाल्यावर कोरड्या रेतीत उभा केला, मुळं धरेपर्यंत पाणी नाही. त्याच झाडाचे तुकडे आज मागे पोत्यावर ठेवले आहेत, एकेक घेऊन जा, पेपरात गुंडाळून न्या. फक्त एक अडचण सांगून ठेवतो, हे सगळे एकाच झाडाचे तुकडे, म्हणजे गावभर लावले तरी झाड एकच, त्यामुळे फूल येईल पण एकमेकांच्या परागानं फळ बहुतेक धरणार नाही. फळ गोड असते, लालसर साल, आत पांढरा गर अन् काळं बी. तर कोणाची लेक-सून बाहेरगावी असेल तर तिकडच्या झाडाचा एक हातभर तुकडा मागून ठेवा, दोन्ही झाडं एका रात्री फुलली की ब्रश घेऊन मी येतो, कितीही वाजू द्या.